स्काय बेटावरचा कॅमासुनरी किनारा : वाट, नदी आणि ओहोटीचं गणित

नीलपंख
स्कॉटलंडच्या स्काय बेटावर जुलैत तीन दिवस आहोत. ओल्ड मॅन ऑफ स्टॉर, फेअरी पूल्स वगैरे गर्दीची ठिकाणं टाळायची आहेत. नकाशात बेटाच्या दक्षिणेला, क्युलिन डोंगरांच्या पायथ्याशी कॅमासुनरी नावाचा बे (छोटा उपसागर) दिसतो. तिथे गाडीरस्ता नाही. आम्ही चौघं. तिघांना सह्याद्रीतल्या ट्रेकची सवय आहे, चौथे बाबा, वय ६६, एक गुडघा कुरकुरतो.
प्रश्न असे : एल्गोल गावाहून समुद्राच्या कडेने जाणारी वाट घ्यावी की किल्मारीहून खिंडीतली? पुढे कॉरुस्क सरोवर बघून त्याच दिवशी परत येता येईल का? आणि कॉरुस्कच्या वाटेवरचा तो 'बॅड स्टेप' नावाचा कातळटप्पा नक्की किती बॅड आहे?

रानवाट
नुसता बे बघायचा असेल तर किल्मारी, डोळे मिटून.
ब्रॉडफर्डहून एल्गोलला बी ८०८३ हा रस्ता जातो, सुमारे २४ किमी. एल्गोलच्या पाचेक किमी अलीकडे किल्मारीचं छोटं पार्किंग लागतं. रस्त्यापलीकडच्या फाटकातून दगडगोट्यांची गाडीवाट सुरू होते. सलग पण सौम्य चढ आहे. सुमारे १९० मीटर उंचीवर 'आम माम' ही खिंड, आणि तिथे पोचल्यावरच बे पहिल्यांदा दिसतो : समोर समुद्रात सोए आणि रम ही बेटं, उजवीकडे ब्लाव्हेनचा (९२८ मी) कडा, बेच्या पलीकडे स्गूर ना स्त्री (४९४ मी). एका बाजूने साधारण ४ ते साडेचार किमी, सव्वा ते दीड तास.
चुकण्यासारखी जागा एकच. खिंडीनंतर उतारावर वाट मोठं वळण घेते, तिथून ब्लाव्हेनकडे जाणारी पाऊलवाट फुटते. ती सोडून रुंद वाटेनेच खाली उतरायचं.
बाबांसाठी दोन गोष्टी. खिंड मधोमध असल्यामुळे परतीलाही तेवढंच चढावं लागतं, म्हणजे एकूण चढाई ३८० मीटरच्या आसपास. आणि वाट रुंद असली तरी सुटे दगड फार, गुडघ्याला चढापेक्षा उतार जड जातो. दोन काठ्या घ्या, एक नको.
कोकणातल्यासारखी पुळण डोक्यात ठेवून जाऊ नका. बराचसा किनारा गोट्यांचा आहे, ओहोटीला खाली वाळू उघडी पडते. वाहून आलेलं शेवाळ आणि प्लास्टिकही दिसेल. लोक जातात ते डोंगर आणि समुद्र एकमेकांना भिडतात ते बघायला.
(अवांतर : 'स्त्री' बघून हसू नका. गेलिकमध्ये त्याचा अर्थ भांडणतंटा. 'कॅमस' म्हणजे बे.)

कातळ
एल्गोलची वाट साडेपाच किमी आहे आणि नकाशात सपाट दिसते, तिथेच माणसं फसतात. उंची मिळवायची नाही म्हणजे सोपी, असं वाटतं. प्रत्यक्षात बेन क्लीटच्या उताराला चिकटून एका पावलाची वाट, डावीकडे तीव्र गवताळ उतार आणि खाली समुद्र. कोरड्या दिवशी सवयीच्या माणसाला काही वाटणार नाही. पाऊस पडून गेल्यावर मात्र तीच वाट चिखलाची घसरगुंडी होते, आणि घसरलं तर गवत थांबवत नाही. आपल्याकडे भाद्रपदातल्या आडव्या वाटा आठवा, कारवी धरायला नसलेल्या.
मधे ग्लेन स्कॅलडलपाशी वाट किनाऱ्यावर उतरते आणि पुन्हा वर चढते. पलीकडेही दृष्टिभयाचे (खाली बघून भीती वाटेल असे) तुकडे आहेत. दोन ते अडीच तास धरा. ज्याला दृष्टिभय आहे त्याने, लहान मुलांनी आणि पाठीवर मोठी सॅक असेल त्यांनी ही वाट घेऊ नये. जोराचा वारा असेल तर कुणीच घेऊ नये.

नीलपंख
म्हणजे किल्मारी पक्कं. कॉरुस्कचं काय? नकाशात तर बेच्या पश्चिम टोकापासून जेमतेम पाच किमी दिसतं. किल्मारी ते कॉरुस्क ते किल्मारी, साधारण १८-२० किमी, जुलैत उजेड रात्री दहापर्यंत. जमेल ना?

उधाण
उजेड पुरेल. नदी नडेल.
बेच्या पश्चिम अंगाला अव्हन कॅमासुनरी ही नदी समुद्राला मिळते. कॉरुस्कला जायचं तर ती ओलांडावीच लागते, आणि तिच्यावर पूल नाही. १९६८मध्ये लष्कराने ही गाडीवाट केली तेव्हा इथे आणि पुढे स्कॅव्हेग नदीवर पूल बांधले होते, दोन्ही नंतर वादळपाण्यात गेले. जुन्या वर्णनांत आणि जुन्या नकाशांत पूल दिसला तर विश्वास ठेवू नका.
नदीचं शेवटचं पात्र सपाट आहे, त्यामुळे भरतीचं पाणी आत शिरतं. म्हणून दोन गोष्टी एकदम बघाव्या लागतात : आदल्या चोवीस तासांतला पाऊस आणि त्या दिवशीच्या ओहोटीची वेळ. यातली एक जरी विरोधात गेली तरी मुखाजवळून ओलांडता येत नाही.
भरतीचं गणित असं. तिथे उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) पाणी सव्वाचार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला) पावणेदोन मीटर. ओहोटी ते भरती सहा तास धरले तर पाणी एकसारखं चढत नाही. बारा भाग करा : पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. उधाणाच्या दिवशी पहिल्या तासात ३५ सेंमी, दुसऱ्यात ७० सेंमी, तिसऱ्यात मीटरभराहून जास्त. म्हणून ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास एवढीच खिडकी धरायची. तिसऱ्या तासात 'मगाशी तर घोट्याएवढं होतं' या भरवशावर पाण्यात उतरणं हीच तिथली चूक.
आता तुमचा बेत लावून बघा. नदी ओलांडून कॉरुस्क अडीच-तीन तास, परत तेवढेच, वर जेवण. नदीवर परत यायला सहा तास. खिडकी चार तासांची. म्हणजे जाताना ओहोटी साधली तर येताना भरती ठरलेलीच.

रानवाट
+१. भरती लागली तर उपाय आहे, पण वेळखाऊ. नदीच्या काठाने वर, भरतीचा जोर जिथे संपतो त्याच्या पुढे जायचं आणि पात्र पसरट, उथळ असेल तिथे ओलांडायचं. पाऊस नसलेल्या आठवड्यात हे ठीक आहे. पावसात नदी फुगली असेल तर वर जाऊनही उपयोग नाही, तेव्हा मागे फिरणं किंवा थांबणं. इथे मातीचा थर पातळ आणि खाली खडक, त्यामुळे ओढे पटकन चढतात, पण पाऊस थांबल्यावर उतरतातही लवकर. काही तास थांबलं तर चित्र बदलू शकतं.
ओलांडताना बूट पायातच राहू द्या, मोजे काढून सॅकमध्ये. अनवाणी गेलात तर गोट्यांवर पाय वळतो. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, तोंड प्रवाहाकडे, काठी समोर टेकून एका वेळी एकच पाऊल. पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगात असेल तर परत.

नीलपंख
मग कॉरुस्क सोडून द्यायचं?

उधाण
नाही, उलटं करा. एल्गोलच्या धक्क्यावरून एप्रिल ते ऑक्टोबरच्या दरम्यान कॉरुस्कला बोटी जातात, पाऊण तासाच्या आसपास लागतो. एकेरी तिकीट काढून कॉरुस्कला उतरायचं आणि चालत कॅमासुनरीमार्गे किल्मारीला बाहेर पडायचं. नदी एकदाच ओलांडायची, आणि ती कधी ओलांडायची ते तुमच्या हातात.
इथे निसर्ग एक सवलत देतो. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेला पूर्ण भरती दुपारी-मध्यरात्री बाराच्या सुमारास येते, त्यावरूनच आपला 'तिथीची पाऊणपट' हा हिशेब. तो हिशेब स्कायला लावू नका, प्रत्येक बंदराची वेळ वेगळी. स्कायच्या या बाजूला उधाणाची भरती सकाळ-संध्याकाळ येते आणि ओहोटी दुपारी, उन्हाळी घड्याळाने एक ते दोनच्या मध्ये. म्हणजे अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस निवडले की ओहोटी नेमकी दुपारी आणि पाणीही सगळ्यात जास्त उतरलेलं. अष्टमीच्या आसपास, भांगाला, भरती दुपारी येते. तेव्हा पाणी कमी चढतं हे खरं, पण ते पुरतं उतरतही नाही.
सकाळी नऊच्या आसपास बोट, दहाच्या सुमारास चालायला सुरुवात, एकपर्यंत नदी, तीनपर्यंत बेवर जेवण आणि आराम, साडेचारला किल्मारी. घाई नाही कुठे.

इन्व्हरनेसकर
वरच्या बेतात दोन खाचा आहेत.
एक, गाडी. बोट एल्गोलहून, शेवट किल्मारीला. सकाळी गाडी किल्मारीला लावून एल्गोलपर्यंत पाच किमी डांबरी चालायचं, किंवा कुणी सोडायला हवं. शेवटी थकून डांबरी रस्ता तुडवण्यापेक्षा सकाळी ताज्या पायांनी तुडवलेला बरा. बस आहे, पण फेऱ्या मोजक्या, तिच्यावर बोट पकडायचा बेत बांधू नका.
दोन, बोट हवामानावर. दक्षिणेकडून मोठ्या लाटा येत असल्या तर कॉरुस्कजवळच्या स्कॅव्हेग खाडीत माणसं उतरवता येत नाहीत. फेरी रद्द झाली तर त्या दिवशी किल्मारीहून बेपर्यंत आणि परत. कॉरुस्क पुढच्या खेपेला. बुकिंग करताना 'एकेरी, चालत परतणार' हे आधी सांगा, त्यांच्या परतीच्या मोजणीत तुम्ही धरले जाऊ नये.

कातळ
आता बॅड स्टेप. कॉरुस्कहून निघालात तर हा सुरुवातीलाच येतो, पहिल्या एक-दीड किमीत. एकेरी बेताचा हा आणखी एक फायदा. जमत नाहीसं वाटलं तर परत जाऊन बोटीने एल्गोल गाठता येतं, म्हणून शेवटची बोट किती वाजता आहे ते उतरतानाच विचारून घ्या. उलट दिशेने आलात तर दमलेल्या पायांनी तो गाठता.
हा आहे समुद्रात उतरणारा, गॅब्रो नावाच्या खडकाचा तिरका कातळ, पाण्यापासून काही मीटर वर. त्यावरून एक भेग तिरपी जाते, तिच्यात पाय ठेवून आणि हातांनी कातळ धरून आडवं जायचं. तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. हरिहरच्या पायऱ्या ज्याला जमतात त्याला हे जमेल, फक्त इथे खोबण्या कोरलेल्या नाहीत आणि खाली पाणी आहे.
लोक अडकतात ते वाट चुकल्यामुळे. कॅमासुनरीकडून येणारे भेग धरून वर-वरच चढत राहतात आणि वर गुळगुळीत कातळावर लटकतात. मध्यावर भेग सोडून खालच्या कंगोऱ्याने उतरायचं असतं, तो कंगोरा मोठ्या धोंड्यांच्या किनाऱ्यावर नेतो. तुम्ही उलटे येणार, म्हणजे धोंडे ओलांडून त्या कंगोऱ्यावर चढायचं आणि मग भेगेने पुढे. धोंड्यांपासूनच फार वर चढायला लागलात तर चुकलात.
सॅक मोठी नको. बाजूला लटकणारी मॅट, बाटली आत टाका, कातळाला घासून तोल जातो. गॅब्रो खरखरीत, ओला असला तरी पकड देतो. मात्र क्युलिनमध्ये मधेमधे बेसॉल्टच्या पट्ट्या आहेत, त्या ओल्या झाल्या की साबण. आपण सगळे बेसॉल्टवरच वाढलेलो, तेव्हा जास्त सांगत नाही.
१९६८मध्ये हा टप्पा सुरुंग लावून उडवायचं चाललं होतं. गिर्यारोहकांनी विरोध केला आणि तो राहिला.

मधली_सुट्टी
कॉरुस्कलाच आणखी एक ओलांडणी आहे, ती कुणी लिहिली नाही. सरोवराचं पाणी स्कॅव्हेग नदीतून समुद्रात येतं, नदी जेमतेम काहीशे मीटर लांब. तिथे पायदगड आहेत. मोठ्या पावसानंतर ते पाण्याखाली जातात. ते दिसत नसतील तर कॅमासुनरीचा बेत तिथेच रद्द करून बोटीने परत. पुढची नदी याहून वाईट असणार.

उधाण
बरोबर, ते राहिलं. मधली_सुट्टी यांचा नियम पाठ करण्यासारखा आहे.

गवतीचहा
किड्यांबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी. मिज नावाची चिलटं मे अखेर ते सप्टेंबर, जुलैत भर. वारा ताशी दहा-बारा किमीच्या वर गेला की उडू शकत नाहीत. म्हणजे उघड्या किनाऱ्यावर दुपारी त्रास कमी, पण वारा पडला, ढग आले किंवा संध्याकाळ झाली की ढगासारखी येतात. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी ब्रॉडफर्डला मिळेल, हलकी असते, प्रत्येकी एक. इकॅरिडिन असलेलं मलम चालतं. जेवायला वाऱ्याच्या बाजूला बसा, आडोसा शोधू नका.
दुसरं, गोचीड. नेच्याच्या झाडीतून आणि उंच गवतातून लागतात. फुलपँट, पायाचं टोक मोज्यात. रात्री गुडघ्यामागे, काखेत, कमरेला तपासा. गोचीड चिकटली तर टिक काढायच्या आकड्याने कातडीलगत धरून हळूच ओढायची. तेल, तूप, काडेपेटी असले उपाय नकोत, त्याने ती लाळ आत टाकते. पुढच्या काही आठवड्यांत लालसर वाढतं वर्तुळ दिसलं तर डॉक्टरकडे, लाइम रोगाची ती खूण असते.
खायचं सगळं ब्रॉडफर्डच्या को-ऑप दुकानातून घेऊन निघा. बेवर काही मिळत नाही. ओढ्यांचं पाणी वर मेंढ्या, खाली गाई असं आहे, गाळून किंवा उकळून प्या.

नीलपंख
बेवर रात्री राहता येतं का? बॉथी दिसते नकाशात.

रानवाट
हो. माउंटन बॉथीज असोसिएशनची बॉथी बेच्या पूर्व अंगाला आहे, जुनी बंद झाली. बॉथी म्हणजे छप्पर, झोपायचे फळ्यांचे ओटे, बस. बुकिंग नाही, पैसे नाहीत, वीज नाही, शौचालय नाही. जागा मिळेलच असं नाही, म्हणून तंबू सोबत हवा. विस्तवाची सोय धरून जाऊ नका, स्टोव्ह आपला.
तंबूलाही परवानगी लागत नाही. स्कॉटलंडच्या २००३च्या जमीन सुधारणा कायद्याने मोकळ्या रानात जबाबदारीने फिरायचा आणि तंबू टाकायचा हक्क दिला आहे. लहान गट, एका जागी दोन-तीन रात्री, घरापासून लांब. शौचासाठी पाण्यापासून किमान ३० मीटर दूर खड्डा करून पुरायचं, कागद सोबत परत आणायचा. बेवर एक पांढरं घर आहे, त्याच्या अंगणात जाऊ नका. सपाटीवर गाई चरतात. वासरं असतील तर लांबून वळसा.

इन्व्हरनेसकर
गाडीबद्दल. भारतीय परवाना पाहुण्यांना १२ महिने चालतो, बाजूही डावीच, त्यामुळे निर्धास्त होतात लोक. एल्गोलचा रस्ता एकपदरी आहे, ठरावीक अंतरावर 'पासिंग प्लेस', म्हणजे समोरच्याला वाट द्यायची रुंद जागा. ती तुमच्या डावीकडे असेल तर आत शिरून थांबा, उजवीकडे असेल तर आपल्याच बाजूला तिच्यासमोर थांबा, समोरचा आत वळून जाईल. मागून स्थानिक गाडी आली तर तिलाही तिथेच पुढे जाऊ द्या. चढणाऱ्याला आधी, घाटातला आपलाच नियम. तिथे गाडी उभी करून फोटो काढणं मात्र नाही. किल्मारीचं पार्किंग भरलं असेल तर कडेला गवतात चाक घालू नका, खाली दलदल असते.

नीलपंख
बाबांना मग सोडूनच द्यावं लागेल असं दिसतंय. त्यांच्यासाठी दुसरा कुठला निवांत किनारा?

मधली_सुट्टी
त्यांना किल्मारीहून खिंडीपर्यंत तरी न्या. बेचं सगळ्यात चांगलं दृश्य तिथूनच दिसतं, दोन किमीच्या आसपास चाल. खाली उतरायलाच हवं असं नाही.
दुसरा पर्याय टॅलिस्कर बे, बेटाच्या पश्चिमेला. शेतातून जवळपास सपाट वाट, एका बाजूने दीड-दोन किमी. काळी आणि पांढरट वाळू एकमेकींत मिसळून नक्षी उमटते. पण ती फक्त ओहोटीला. भरतीला गेलात तर नुसते धोंडे बघून परत याल आणि आम्हाला शिव्या द्याल. वाटेत प्रेशल मोर हा खांबांसारख्या बेसॉल्टचा डोंगर लागतो, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा थोरला भाऊ. पार्किंग अगदी थोडं, सकाळी लवकर जा. आणि टॅलिस्कर व्हिस्कीची प्रसिद्ध भट्टी तिथे नाही, ती कार्बोस्ट गावात आहे. जीपीएसमध्ये नुसतं 'टॅलिस्कर' टाकलं की लोक तिथे पोचतात.

कातळ
नकाशा : ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर ४११, १:२५,०००. मोबाइलवर आधी उतरवून ठेवा, बेवर नेटवर्कचा भरवसा नाही. क्युलिनच्या खडकात लोह असल्याने होकायंत्र काही ठिकाणी भरकटतं, कॉरुस्कच्या बाजूला त्यावर एकट्यावर विसंबू नका. मदतीला ९९९ किंवा ११२, डोंगरात असाल तर पोलीस मागून माउंटन रेस्क्यू सांगायचं, किनाऱ्यावर अडकलात तर कोस्टगार्ड. ब्रिटिश सिम असेल तर '९९९'ला 'रजिस्टर' असा मेसेज आधीच पाठवून ठेवा. रेंज अर्धवट असताना बोलणं होत नाही, पण मेसेज जातो.

नीलपंख
सगळ्यांचे आभार. बेत असा : पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस. सकाळी गाडी किल्मारीला, तिघं चालत एल्गोल, बोटीने कॉरुस्क, पायदगड दिसले तरच पुढे. एकच्या सुमारास नदी. बाबा आणि सोबतीला आई ब्रॉडफर्डलाच, त्यांना दुसऱ्या दिवशी खिंडीपर्यंत. टॅलिस्कर तिसऱ्या दिवशी. तक्त्यात त्या दिवशीची ओहोटी १२:५० दिसते.

रानवाट
आई कुठून आल्या? चौघांत धरल्या होत्या का?

नीलपंख
हो, चौघांत आई धरली होती. 'तिघांना सवय' म्हटलं त्यात ती आहे, पण ती बाबांसोबत थांबणार म्हणते. म्हणजे नदीला दोघंच.

उधाण
मग दोघंच. नदी ओलांडताना एकाने प्रवाहाच्या वरच्या बाजूला काठी टेकून, दुसऱ्याने त्याच्या लगेच मागे, सॅकचा पट्टा धरून. आणि ते १२:५० कुठल्या घड्याळाने, ते बघा. बरेच तक्ते जीएमटीत (ग्रीनिचच्या वेळेत) असतात. जुलैत तिथलं घड्याळ एक तास पुढे, म्हणजे तुमच्या मनगटावर १:५०. तसं असेल तर एकऐवजी दीडला नदीवर पोचा, तोवर स्गूर ना स्त्रीच्या पायथ्याशी निवांत जेवा.



नीलपंख
तपासलं. जीएमटीतच होतं.